काढलेलं लोखंड कुठे गेलं?

गेल्या वर्षी पुण्यातल्या माझ्या नव्या वन बीएचकेला रंग द्यायचा होता. रंगारीकाकांनी लांबी भरून, भिंती घासून ठेवल्या होत्या. मी सगळीकडे पांढरा सांगितला, तो त्यांना फारसा पटला नाही. ‘‘दादा, पांढऱ्यावर सगळं दिसतं,’’ म्हणाले. मग त्यांनी दोन डबे पुढे ठेवले. एक स्वस्त, एक महाग. स्वस्तातल्याचे तीन हात मारावे लागतील, महागातला दोन हातांत भिंत झाकेल. फरक कशाचा, असं विचारल्यावर म्हणाले, ‘‘पावडरचा. ह्यात खरी पांढरी पावडर जास्त असते.’’

ती खरी पांढरी पावडर म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. रात्री रंगाच्या वासाने झोप येईना, म्हणून मोबाइलवर तिच्याबद्दल वाचत बसलो. ज्या खनिजापासून ती मुख्यतः बनते, ते इल्मेनाइट कोळशासारखं काळं असतं हे तेव्हा कळलं. आणि ते मी लहानपणी मुठी भरभरून उचललेलं आहे, हेही.

मी रत्नागिरीचा. आमच्या गावात किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला काळा समुद्र अशी नावंच आहेत. मांडवीची वाळू काळी. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून आम्ही त्या वाळूतून फिरवायचो. बाहेर काढलं की त्याला काळे केस फुटलेले असायचे. चुंबकाला असे घट्ट चिकटायचे ते मॅग्नेटाइटचे कण. इल्मेनाइट चुंबकाकडे ओढलं जातं, पण क्षीणपणे. आमच्या चुंबकाला ते दाद देत नसे. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधून झिजून नद्यांनी खाली आणलेली ही दोन्ही खनिजं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने काळबादेवी, मिऱ्या, रत्नागिरी या उपसागरांमधल्या त्यांच्या साठ्यांचा अभ्यास केलेला आहे. आम्हाला मात्र ती फक्त पायाला चटका देणारी वाळू होती.

माझी शुभ्र भिंत आणि ती काळी वाळू यांच्यामध्ये नक्की काय घडतं, हे त्या रात्री शोधायला लागलो. रसायन पटकन समजलं. पण त्यातून एक प्रश्न निघाला, तो अजून सुटलेला नाही. काळ्यातून पांढरं काढायचं म्हणजे काळं कुठेतरी ठेवावं लागतं. ते कुठे ठेवायचं, हे कोण ठरवतं?

पांढऱ्याची बाजू

टायटॅनियम म्हटलं की आपल्याला विमानं, रॉकेटं, गुडघ्यातले सांधे आठवतात. पण जगात खणल्या जाणाऱ्या टायटॅनियमच्या खनिजापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास खनिजाचा धातू बनतच नाही; त्याची पांढरी पूड बनते. भिंतीचा रंग, कागद, प्लास्टिक, टूथपेस्ट, सनस्क्रीन, औषधाच्या गोळीवरचं आवरण. या पुडीचा प्रकाश वळवण्याचा गुण हिऱ्याहूनही जास्त आहे, म्हणून पातळ थरही खालचं सगळं झाकतो. रंगारीकाकांचे ‘दोन हात’ म्हणजे हेच.

या पांढऱ्याला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते खोटं होईल. त्याच्या आधी माणसं भिंतींना आणि दारांना शिसं फासत होती. शिशाचा सफेदा शेकडो वर्षं वापरात होता आणि तो रंगाऱ्यांच्या पोटात, नसांत, मेंदूत जात होता. घरात रांगणारी पोरं त्याचे पोपडे तोंडात घालत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेला १९२१ साली खास रंगकामातल्या शिशाच्या सफेद्यावर बंधनं आणणारा करार करावा लागला, इतका तो घातक होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत टायटॅनियमचा पांढरा रंग कारखान्यात बनू लागला आणि पुढे त्याने सफेद्याची जागा घेतली. माझे रंगारीकाका साठीतही ताठ चालतात, त्यात या पुडीचाही वाटा असेल. (युरोपीय संघाने २०२२ मध्ये ती खाद्यपदार्थांतून हद्दपार केली, पण तो पोटात जाणाऱ्या पुडीचा प्रश्न आहे, भिंतीवरच्या नाही.)

म्हणजे पांढरा रंग नकोच, असं म्हणून मला सुटता येत नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

भट्टीत काय होतं

शुद्ध इल्मेनाइटमध्ये लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन असतात. वजनाने पाहिलं तर लोखंड ३७ टक्क्यांच्या जवळपास, टायटॅनियम आणि ऑक्सिजन प्रत्येकी ३२ टक्क्यांच्या जवळपास. लोखंडच सर्वांत जास्त. १७९१ साली विल्यम ग्रेगर नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूने कॉर्नवॉलमधल्या ओढ्यातली अशीच काळी, चुंबकाकडे ओढली जाणारी वाळू तपासली. त्यातलं लोखंड बाजूला केल्यावर त्याच्या हातात कुठल्याही ज्ञात धातूशी न जुळणारं काहीतरी उरलं. चार वर्षांनी क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याला टायटॅनियम हे नाव दिलं. म्हणजे या धातूचा शोधच ‘लोखंड काढल्यावर उरलेलं’ म्हणून लागला.

आज लोखंड वेगळं करण्याचा एक मार्ग म्हणजे वितळवणं. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात टियो नावाच्या तलावाजवळ १९४६ साली इल्मेनाइटचा मोठा साठा सापडला. तिथलं खनिज आधी रेल्वेने आणि मग जहाजाने सोरेलला जातं. तिथे विजेच्या भट्टीत ते दगडी कोळशाबरोबर १६०० अंशांच्या वर तापवतात. कोळशातला कार्बन लोखंडाजवळचा ऑक्सिजन ओढून घेतो. सुटं झालेलं लोखंड जड म्हणून तळाशी बसतं, आणि टायटॅनियमने समृद्ध स्लॅग वर तरंगतो. खालच्या तोंडातून लोखंड काढतात, वरच्या तोंडातून स्लॅग.

या भट्टीबद्दलच्या दोन गोष्टी मला विसरता येत नाहीत. पहिली अशी, की वितळलेला हा स्लॅग इतका खादाड असतो, की भट्टीच्या विटाही खातो. म्हणून भट्टी चालवणारे आतल्या भिंतीवर त्याच स्लॅगचा एक गोठलेला थर मुद्दाम टिकवून ठेवतात. त्या थरामुळे भट्टी वाचते. उष्णता थोडी जास्त झाली की थर वितळतो, थोडी कमी झाली की भट्टीच आकसते. दिवसरात्र तो समतोल कुणीतरी सांभाळत असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नेहमीच्या लोखंडाच्या भट्टीत लोखंड हे उत्पादन आणि स्लॅग हा कचरा. इथे उलटं आहे. स्लॅगसाठीच सगळा खटाटोप चाललेला असतो आणि लोखंड हे जोडउत्पादन. तीच आग, तोच कोळसा, तेच वर-खाली होणं. फक्त आपल्याला काय हवंय ते बदललं आणि कचऱ्याची जागा बदलली.

कचरा बदलत राहतो

न्यूयॉर्क राज्यात अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत ताहावस नावाचं एक ओसाड गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे लोखंडाचा कारखाना उभा राहिला. खनिज भरपूर होतं, पण त्यातल्या एका अशुद्धीने भट्टी नीट चालू देईना. इतर अडचणीही होत्या. १८५० च्या दशकात कारखाना बंद पडला आणि माणसं निघून गेली. ती अशुद्धी म्हणजे टायटॅनियम. १९४१ साली तिथे पुन्हा खाण सुरू झाली, ती टायटॅनियमसाठी. सुरू करणारी होती नॅशनल लेड कंपनी, जिने आधी शिशाचाच सफेदा विकला होता. ज्या अशुद्धीने गाव उठलं, त्याच अशुद्धीसाठी यंत्रं परत आली.

आपल्याकडची गोष्ट याहून वळणावळणाची आहे. १९०९ साली शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्यात चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. मोनाझाइटमध्ये थोरियम असतं आणि त्या काळी गॅसबत्तीच्या जाळीसाठी थोरियमला सोन्यासारखी मागणी होती. मग मानवलकुरिची आणि नंतर चवरा इथे वाळू चाळणं सुरू झालं. तेव्हा मोनाझाइट हा माल होता, आणि वाळूत त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असलेलं काळं इल्मेनाइट म्हणजे बाजूला टाकायचा ढीग. पुढे घराघरात वीज आली आणि गॅसबत्त्या विझल्या. तोवर पांढऱ्या रंगाचा धंदा उभा राहिला होता. १९२० च्या दशकापासून तो टाकलेला काळा ढीगच निर्यात होऊ लागला आणि त्रावणकोर जगाला इल्मेनाइट पुरवणाऱ्यांत अग्रेसर झालं. मग अणुयुग आलं. थोरियम पुन्हा मौल्यवान झालं, आता राष्ट्रीय गुपित म्हणून. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली.

चाळीस वर्षांत त्याच किनाऱ्यावरच्या त्याच वाळूत माल आणि कचरा यांनी दोनदा जागा बदलल्या. वाळूचा एकही कण बदलला नव्हता.

हे वाचताना मला वाटलं, की ‘टाकाऊ’ हे विशेषण व्याकरणाने चुकीच्या जागी बसवलं आहे. काळा, जड, चुंबकीय ही विशेषणं कणाबद्दल काही सांगतात. ‘टाकाऊ’ हा शब्द कणाबद्दल काहीच सांगत नाही; तो टाकणाऱ्याबद्दल सांगतो. त्याला काय हवं होतं, कशाचा भाव होता, कशाचा हिशोब ठेवायची त्याला गरज वाटली नाही.

चवऱ्याचं लाल

चवरा आणि पन्मना ही केरळमधल्या कोल्लम जिल्ह्यातली किनारी गावं. तिथे केरळ मिनरल्स अँड मेटल्स या सरकारी कंपनीचा कारखाना १९८४ पासून टायटॅनियमची पांढरी पूड बनवतो. तिथेच इस्रोच्या मदतीने उभा राहिलेला टायटॅनियम स्पंजचा प्रकल्पही आहे. आपल्या अग्निबाणांना लागणाऱ्या धातूची सुरुवात या स्पंजपासून होते. सोरेलसारखं इथे खनिज वितळवत नाहीत. ते कोकबरोबर भाजतात आणि मग हायड्रोक्लोरिक आम्लात शिजवतात. लोखंड आम्लात विरघळून निघून जातं, टायटॅनियमचं ऑक्साइड मागे उरतं. आम्ल परत मिळवलं की हातात राहते लोखंडाच्या ऑक्साइडची लाल पूड.

वर्षानुवर्षं ती पूड कारखान्याच्या तळ्यांमध्ये साठत गेली. शेजारच्या चिट्टूर भागातल्या लोकांची जुनी तक्रार आहे, की त्यांच्या विहिरींचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. आमची जमीन तरी विकत घ्या म्हणजे आम्ही इथून जातो, ही त्यांची मागणी. विचार करा, आपलंच घर कुणीतरी विकत घेऊन आपल्याला इथून घालवावं, अशी मागणी माणूस कधी करतो. तिरुवनंतपुरममध्ये १९४६ साली स्थापन झालेला टायटॅनियमचा आणखी एक जुना सरकारी कारखाना आहे. तो गंधकाम्लाची पद्धत वापरतो आणि त्याचं आम्लमिश्रित, लोखंडाने तांबूस झालेलं पाणी अनेक दशकं वेळीच्या किनाऱ्यावर समुद्रात जात राहिलं.

आता लोखंडाचा एक अणू घ्या. तो सोरेलच्या भट्टीत पोचला, तर त्याला व्यापारी नाव मिळतं, दर मिळतो, तो फाउंड्रीत जाऊन उत्तम प्रतीच्या बिडाचा भाग होतो. तोच अणू चवऱ्यात पोचला तर तळ्यातला लाल चिखल होतो. अणूची काहीच चूक नाही. एका ठिकाणी सुरुवातीपासून ‘लोखंडाचं काय करायचं’ हा प्रश्न धंद्याच्या आराखड्यात होता. दुसऱ्या ठिकाणी तो प्रश्न कुंपणाबाहेरच्यांवर सोडला गेला. गेल्या काही वर्षांत चवऱ्यातही त्या पुडीपासून लोखंड बनवण्याचे प्रयत्न झाले आहेत. म्हणजे ते करता येण्यासारखं होतं.

सोरेललाही मी स्वर्ग म्हणणार नाही. भट्टीतून एक टन लोखंड सुटतं तेव्हा रसायनाच्या साध्या हिशोबाने किमान अर्धा टन कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि तो जाळला की कार्बन डायऑक्साइड होऊन आकाशात जातो. तिथलं लाल तळं वर आहे, दिसत नाही, एवढंच. स्वच्छ करणं म्हणजे नाहीसं करणं नव्हे. ते हलवणं आहे. काही हलवण्या कमी वाईट असतात, काही जास्त.

आपल्या समाजाला हे नव्याने सांगायची खरं तर गरज नाही. आपल्याकडे शुद्धतेचा सगळा डोलारा याच हलवण्यावर उभा होता. वाडा स्वच्छ, कारण मैला दुसऱ्याच्या डोक्यावर. गाव शुद्ध, कारण मेलेलं ढोर ओढणारे गावाबाहेर. शुद्ध कोण आणि टाकाऊ कोण हे ठरवणाऱ्याला स्वतःच्या हाताला कधी काही लागू द्यावं लागलं नाही. रसायन शिकताना मला हे कुणी जोडून दाखवलं नाही. पण चिट्टूरच्या विहिरींबद्दल वाचताना ते आपोआप जोडलं गेलं.

कुणाला विचारलं?

चवऱ्याच्या थोडं उत्तरेला आलप्पाड. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कालवा, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर मच्छीमारांची घरं. २००४ च्या त्सुनामीत तिथे शंभराहून जास्त माणसं गेली. या पट्टीवरच्या वाळूतही इल्मेनाइट आहे आणि दशकानुदशकं ते काढलं गेलं. १ नोव्हेंबर २०१८ ला लोकांनी तिथे साखळी उपोषण सुरू केलं. पहिले दोन महिने बाहेर फारशी दखल कुणी घेतली नाही. मग गावातल्या एका मुलीचा मोबाइलवर केलेला व्हिडिओ पसरला आणि ‘सेव्ह आलप्पाड’ हा हॅशटॅग माझ्यापर्यंतही आला. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. मी तो शेअर केला आणि विसरलो.

त्यांच्याविरुद्धचे मुद्दे पोकळ नाहीत. या खाणींवर आणि कारखान्यांवर हजारो घरं चालतात, त्यात त्याच पंचक्रोशीतली माणसं आहेत, त्यांच्या युनियन आहेत. शिवाय असा युक्तिवाद होतो, की वाळूतलं किरणोत्सारी मोनाझाइट काढल्याने किनारा उलट सुरक्षित होतो. इथली नैसर्गिक किरणोत्साराची पातळी खरोखरच जास्त आहे. पण करुनागप्पल्ली तालुक्यातल्या ६९,९५८ माणसांचा सरासरी साडेदहा वर्षं मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. या नैसर्गिक किरणोत्सारामुळे कर्करोग वाढल्याचं त्यात दिसलं नाही. म्हणजे वाळू जागेवर होती तेव्हा लोक तिच्यासोबत जगत होते. ती त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये उभी होती. लोकांचं म्हणणं साधं होतं. तुम्हाला खनिज दिसतं ते आमचा बांध आहे.

मला या वादाचा निकाल लावायचा नाही; पुण्यात बसून तो लावण्याचा अधिकारही मला नाही. पण कोणता युक्तिवाद ऐकून घ्यायचा, हे ज्या टेबलावर ठरलं, तिथे आलप्पाडला खुर्ची होती का? दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर खोलोबेनी इथल्या वाळूच्या टेकड्यांतही असंच टायटॅनियम आहे. तिथल्या लोकांनी एका ऑस्ट्रेलियन कंपनीच्या खाणीला वर्षानुवर्षं विरोध केला. त्यांच्या समितीचे अध्यक्ष सिखोसिफी राडेबे यांना २२ मार्च २०१६ ला त्यांच्या घरी गोळ्या घालून मारलं गेलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये, म्हणजे आलप्पाडचं उपोषण सुरू झालं त्याच महिन्यात, प्रिटोरियाच्या न्यायालयाने निकाल दिला. परंपरेने ती जमीन धारण करणाऱ्या समाजाच्या पूर्ण आणि औपचारिक संमतीशिवाय खाणीचा परवाना देता येणार नाही. नुसती चर्चा पुरेशी नाही.

चर्चा आणि संमती यांतला फरक कुणालाही स्वतःच्या घरावरून कळतो. चर्चेत तुमचं म्हणणं ऐकलं जातं. संमतीत तुमच्या ‘नाही’ने काम थांबतं.

माझं तळं

इथपर्यंत वाचून मी बराच शहाणा झालो होतो. मग मला माझं स्वतःचं तळं आठवलं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या टीमने एका क्लायंटसाठी आरोग्यविम्याचे दावे तपासणारी प्रणाली केली होती. ज्या नोंदीवर प्रक्रिया होऊ शकत नाही, ती बाकीच्यांची वाट अडवू नये म्हणून बाजूच्या रांगेत टाकायची, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे. त्या रांगेला ‘डेड लेटर क्यू’ म्हणतात, बेवारस पत्रांची रांग. नियम मी लिहिला होता: कागदपत्रांवरची नावं जुळली नाहीत तर दावा त्या रांगेत. डॅशबोर्डवर टक्केवारी फक्त प्रक्रिया झालेल्या दाव्यांची दिसायची. ती नेहमी ९९ च्या वर असायची, हिरवीगार. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं.

एका दुपारी दुसरंच काही शोधताना मी ती रांग उघडली. तीन हजारांहून जास्त दावे. सगळ्यात जुना सात महिन्यांपूर्वीचा. बहुतेकांचं पाप एवढंच, की एका कागदावर आडनावाचं स्पेलिंग एक आणि दुसऱ्यावर वेगळं. मराठी नावं इंग्रजीत लिहिताना जे नेहमीच होतं तेच. माझ्या आईच्या दोन ओळखपत्रांवर आजही दोन स्पेलिंगं आहेत. तिचा दावा असता तर तोही तिथेच पडला असता, आणि मी तिला फोनवर म्हणालो असतो, ‘‘आई, कळेल ना, प्रोसेस सुरू असेल.’’

मी लगेच काही बोललो नाही. अप्रेझल जवळ आलं होतं आणि त्या ९९ टक्क्यांवरच ते उभं होतं. तीन आठवडे मी गप्प राहिलो. पगार वाढला. त्या वाढीवर या फ्लॅटचं कर्ज मंजूर झालं. मग मी तो विषय काढला. आधी ‘हे आपल्या कामाच्या कक्षेत येत नाही’ असं उत्तर आलं. शेवटी मी एवढंच करून घेऊ शकलो, की बाजूच्या रांगेतला आकडा आणि सगळ्यात जुन्या दाव्याचं वय डॅशबोर्डवर पहिल्या ओळीत दिसेल. हिरव्या पडद्यावर तो लाल आकडा क्लायंटला आवडला नाही. पण तो दिसायला लागल्यावर दोन आठवड्यांत ते दावे हाताने तपासायला माणूस नेमला गेला. बरेच सुटले. काहींची मुदत तोवर उलटून गेली होती. ती किती जणांची, हे मला माहीत आहे आणि मी ते विसरू नये असं मला वाटतं.

चवऱ्याच्या कारखान्यातला कुणी इंजिनिअर दुष्ट असेल असं मला आता वाटत नाही. तोही माझ्यासारखाच असेल. पांढऱ्या पुडीची शुद्धता मोजणारा आकडा त्याच्यासमोर असेल. तळ्याचा आकडा दुसऱ्या कुठल्यातरी विभागाच्या फायलीत.

मग करायचं काय

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येक गोष्टीची किंमत असते. रॉकेट हवं, औषधाची गोळी हवी, बिनविषारी रंग हवा, तर कुठेतरी काहीतरी साठणारच. अशा हिशोबात एकूण फायदा मोठा असेल तर पुढे जावं. मी इंजिनिअर आहे, मला हा युक्तिवाद आवडतो, आणि म्हणूनच त्यातली खोट मला दिसते. ‘एकूण’ काढायला सगळे आकडे एका कागदावर असावे लागतात. चिट्टूरच्या विहिरी, आलप्पाडचा बांध, त्या मुदत उलटलेल्या दाव्यांची माणसं जर कागदावरच नसतील, तर ती बेरीज होतच नाही. आणि असतील तरी एक प्रश्न उरतो. फायदा माझ्या भिंतीला आणि तोटा दुसऱ्याच्या विहिरीला, अशा बेरजेवर सही करायचा हक्क एकट्या मला कुठून मिळाला?

म्हणून मी स्वतःपुरतं ठरवलेलं फार मोठं नाही. शुद्धतेचा आकडा कुणी दाखवला की काढून टाकलेल्याचा आकडा मागायचा. तो शेजारी शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात मागायचा. आणि तो ज्यांच्या दारात साठणार आहे, त्यांच्या ‘नाही’ने काम थांबू शकतं का, हे विचारायचं. थांबू शकत नसेल, तर त्या कामाला निदान स्वच्छ म्हणायचं नाही. ऑफिसात याची लोकांना सवय झाली आहे. नव्या प्रोजेक्टची चर्चा सुरू झाली की आता दुसरंच कुणीतरी हसत म्हणतं, ‘‘याला आधी ती बाजूची रांग दाखवा.’’ हसतात ते चालेल.

दिवाळीत रत्नागिरीला गेलो होतो. मांडवीवर एक पोरगं काळ्या वाळूतून चुंबक फिरवत होतं. दोऱ्याऐवजी त्याने ते मोडक्या छत्रीच्या काडीला बांधलं होतं. मी त्याला सांगितलं, की जे चिकटत नाही त्यातही लोखंड असतं, आणि पांढऱ्या भिंतींचा रंगही. त्याने चुंबकावरचे काळे केस बोटांनी पुसून घेतले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘मग ते काढल्यावर इथे काय उरणार?’’

बाबा दोन पावलं मागे उभे होते. ते हसले. मला उत्तर आलं नाही.